नाकतोडा, टोळ आणि आपला सहावा पाठ



आज एका कापलेल्या गुणापासून सुरुवात करते. चूक विद्यार्थिनीची नव्हती, माझी होती.

2020 च्या मे महिन्याच्या शेवटी विदर्भात टोळधाड आली होती, ते आठवत असेल. अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत थवे उतरले. लॉकडाऊन चालू होता, शाळा बंद होत्या. लोक थाळ्या, डबे, पत्रे वाजवत शेतात उभे होते, कुठे धूर करत होते. मुलांचे फोटो आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचे, "बाई, हा बघा केवढा!" विज्ञानाचा एवढा मोठा पाठ स्वतःहून दारात आलाय म्हटल्यावर मला राहवेना. पुढच्या ऑनलाइन घटक चाचणीत मी नववीला एक प्रश्न टाकला: टोळ आणि नाकतोडा यांतील फरक स्पष्ट करा. गुण 2.

माझ्या डोक्यातलं उत्तर तयार होतं. टोळ थव्याने राहतो, नाकतोडा एकटा राहतो. टोळ लांब उडत जातो, नाकतोडा गवतातल्या गवतात उड्या मारतो. दोन वेगळे कीटक, दोन वेगळी नावं, चार मुद्दे लिहा, दोन गुण घ्या. बहुतेकांनी तसंच लिहिलं. एका मुलीने मात्र लिहिलं होतं: "फरक नाही. टोळ हा नाकतोडाच असतो. गर्दी झाली की बदलतो." मी लाल पेनाने फुली मारली आणि शून्य दिलं. शेजारी शेराही लिहिला, "प्रश्न नीट वाच."

नंतर कधीतरी टोळांविषयी नीट वाचायला बसले तेव्हा कळलं की प्रश्न मीच नीट वाचायला हवा होता. 1921 साली बोरिस उवारोव्ह नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की लोकस्टा मायग्रेटोरिया आणि लोकस्टा डॅनिका या दोन वेगळ्या जाती मानल्या गेलेल्या कीटकांची जात एकच आहे. एकटा वाढला तर एक रूप, दाटीत वाढला तर दुसरं. रंग बदलतो, वागणं बदलतं, शरीराची मापंसुद्धा बदलतात. आपल्याकडे आलेल्या वाळवंटी टोळाचंही तसंच आहे. त्याच्या मागच्या पायांना इतर टोळांचा वारंवार स्पर्श होत राहिला की काही तासांत त्याचं वागणं पालटायला लागतं. जनुकं तीच, कीटक तोच.

अर्थात त्या मुलीचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं असंही नाही. आपण ज्यांना सरसकट नाकतोडा म्हणतो त्यांच्या मुख्य कुलात, ॲक्रिडिडी कुलात, साडेसहा हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातल्या फक्त वीसेक जाती टोळ होतात. बाकीच्यांची कितीही गर्दी केली तरी त्या धाड घालत नाहीत. पण दोनपैकी दीड गुण तिचे नक्कीच होते. गेल्या वर्षी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाई, मला तर आठवतही नाही." मला आठवतं, त्याला काय करणार!

या प्रसंगाने एक प्रश्न डोक्यात रुतून बसला. दिसण्यावरून आपण दोन केलेले निसर्गात एक निघतात, तर आपण एक समजतो ते कधी दोन निघत असतील का? आणि हे ठरवायचं कसं? नाकतोड्यांच्या बाबतीत गेली तीसेक वर्षं यासाठी एक खास साधन वापरतात: तंतुकणिकेचा जीनोम. मायटोकॉन्ड्रियाला आपल्या पुस्तकात तंतुकणिका म्हणतात, तोच शब्द इथे वापरते. या साधनाने काय साधलं आणि कुठे ते फसलं, हे आपल्या दहावीच्या वर्गात यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगते.

आधी तंतुकणिकाच का, हे बघू. पेशीच्या केंद्रकातला डीएनए सोडून तंतुकणिकेत स्वतःचा छोटा, गोल डीएनए असतो. नाकतोड्यांच्या केंद्रकातला जीनोम अवाढव्य आहे. लोकस्टा मायग्रेटोरियाचा जीनोम 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, तो सुमारे 650 कोटी अक्षरांचा भरला. माणसाचा साधारण 300 कोटींचा. म्हणजे गवतातला हा जीव या बाबतीत आपल्या दुप्पट! तो सगळा वाचून शेकडो जातींची तुलना करणं आजही सोपं नाही. त्याच टोळाचा तंतुकणिका जीनोम मात्र 15,722 अक्षरांचा आहे. तो 1995 मध्येच वाचून झाला. त्यात 37 जनुकं: 13 प्रथिनं बनवणारी, 22 टी-आरएनएची, 2 रायबोसोमल आरएनएची. एका पेशीत तंतुकणिका पुष्कळ असतात, त्यामुळे त्यांच्या डीएनएच्या प्रतीही पुष्कळ. उडी मारायच्या पायाचा स्नायू तर तंतुकणिकांनी भरलेला असतो. म्हणून संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवलेल्या जुन्या नमुन्याचा एक पाय मिळाला तरी बऱ्याचदा काम भागतं. शिवाय हा डीएनए जवळपास फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्यात आईबापांची सरमिसळ नसते. एक सरळ धागा मिळतो.

मग या अक्षरांवरून नातं कसं काढतात? इथे मला आपल्या पुण्याचं उदाहरण द्यायला आवडतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. 1925 पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते आणि 1966 मध्ये ते प्रचंड काम पुरं झालं. देशभरातून हस्तलिखितं आणली, ओळ न् ओळ ताडून पाहिली. नकलताना झालेले फरक त्यांना वंशावळ सांगत होते. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट बदल असेल तर त्या दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असण्याची शक्यता मोठी. सगळ्याच पोथ्यांत सारखा असलेला पाठ मात्र जवळच्या नात्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण तो मुळापासूनच तसा आहे. नाकतोड्यांच्या डीएनएचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. त्यांची पोथी 15 हजार अक्षरांची आहे आणि नकलणारे करोडो वर्षं नकलतायत, एवढाच फरक.

वर्गात मी याचा खेळ घेते. पाच ओळींचा उतारा पहिल्या बाकावरच्या दोघांना देते. त्यांनी भरभर उतरवून मूळ कागद परत करायचा आणि आपली प्रत मागे द्यायची. मागच्यांनी त्या प्रतीवरून उतरवायचं. शेवटी सगळ्या प्रती मिसळून दुसऱ्या तुकडीला द्यायच्या आणि विचारायचं, कोणी कोणावरून उतरवलं सांगा. मुलं अर्ध्या तासात बरीचशी वंशावळ काढतात. गंमत पुढे असते. गेल्या वेळी दोन वेगळ्या रांगांतल्या दोन मुलांनी "आणि" हा शब्द "आणी" असा लिहिला होता. ताडणाऱ्या तुकडीने त्या दोघांना एकाच शाखेत टाकलं. खरं तर दोघांनी आपापली स्वतंत्र चूक केली होती. (ही चूक मी रोज वीस वह्यांत बघते, तो भाग वेगळा.)

हुबेहूब असाच गोंधळ टोळाच्या तंतुकणिकेतही आहे. 1995 मध्ये टोळाचा जीनोम वाचला तेव्हा दिसलं की दोन टी-आरएनए जनुकांची, लायसीनच्या आणि ॲस्पार्टिक आम्लाच्या, जागांची अदलाबदल झाली आहे. बहुतेक कीटकांत क्रम उलटा असतो. आखूड मिशांच्या नाकतोड्यांत ही अदलाबदल सापडते, म्हणजे केवढी छान कुळाची खूण! पण मधमाशीतही हीच अदलाबदल आहे. मधमाशी आणि टोळ काही सख्खे भाऊ नव्हेत. दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या घराण्यांत तीच "आणी" झाली. म्हणून एका खुणेवर कधी विसंबायचं नाही, पुष्कळ खुणा एकत्र बघायच्या. हे वाक्य मी आधी नुसतं फळ्यावर लिहायचे, तेव्हा मुलं वहीत उतरवून घ्यायची. खेळ झाल्यावर मात्र तीच मुलं एकमेकांना ऐकवायला लागली, "अरे, तो आणीवाला असेल, नीट बघ."

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पालकांनीही ही घरी सांगून बघावी.

आपल्याकडे आलेला वाळवंटी टोळ म्हणजे शिस्टोसर्का ग्रेगॅरिया. या प्रजातीत, पुस्तकाच्या परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस, सुमारे 50 जाती आहेत. त्यातली ही एक सोडली तर जवळपास सगळ्या अमेरिका खंडांत राहतात. मग हा एकटा आफ्रिका-आशियात कसा? घर सोडून गेलेला तो, की बाकीचे? 2004 मध्ये होजुन सॉन्ग नावाच्या संशोधकाने शरीररचनेच्या बारकाव्यांवरून निष्कर्ष काढला की मूळ घर अमेरिका असावं आणि वाळवंटी टोळाचे पूर्वज तिथून अटलांटिक ओलांडून आफ्रिकेत आले असावेत. दोनच वर्षांनी, 2006 मध्ये, दुसऱ्या गटाने डीएनएवरून बरोबर उलटं सांगितलं. मूळ घर आफ्रिका, आणि टोळ अमेरिकेला गेले. मग 2017 मध्ये पूर्ण तंतुकणिका जीनोम आणि केंद्रकातली काही जनुकं एकत्र घेऊन मोठा अभ्यास झाला. त्यात वाळवंटी टोळाची शाखा सगळ्यात आधी फुटलेली निघाली. साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी त्याच्यासारखे पूर्वज अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचले आणि तिथे त्यांच्या एवढ्या जाती झाल्या. त्यातल्या मोजक्याच आज धाड घालतात, बाकीच्या साध्या नाकतोड्यांसारख्या राहतात.

या 2017 च्या अभ्यासाचा पहिला लेखक कोण? तेच होजुन सॉन्ग. 2004 चं स्वतःचं मत त्यांनी स्वतःच्याच पुराव्याने मोडीत काढलं.

आणि अटलांटिक ओलांडणं म्हणजे थाप वाटत असेल तर ऐका. ऑक्टोबर 1988 मध्ये पश्चिम आफ्रिकेतून निघालेले वाळवंटी टोळ वाऱ्यावर स्वार होऊन कॅरिबियन बेटांवर उतरले होते. सुमारे 5000 किलोमीटर! हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, मग ते झोपले कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर जरूर कळवा.

माझं म्हणणं असं की संपूर्ण शालेय विज्ञानात शास्त्रज्ञाने स्वतःचं उत्तर बदलल्याची अशी गोष्ट आपण मुलांना क्वचितच सांगतो. लॅमार्क चुकला, डार्विन बरोबर, असं सांगतो. म्हणजे चुकतो तो एक माणूस आणि बरोबर असतो तो दुसरा. एकच माणूस आधी एक म्हणतो, मग पुराव्यापुढे मान तुकवून दुसरं म्हणतो आणि त्यात त्याची अब्रू जात नाही, हे मुलांना दिसत नाही. मग उत्तरपत्रिकेत खाडाखोड करायलाही ती घाबरतात. आणि माझ्यासारख्या बाई लाल पेनाने फुली मारतात.

इथवर वाचून कोणाला वाटेल की झालं, डीएनए वाचा आणि प्रश्न मिटवा. नेमका इथेच मला आपल्या काही उत्साही सहकाऱ्यांशी वाद घालायचाय. "डीएनए खोटं बोलत नाही" हे वाक्य विज्ञान प्रदर्शनाच्या फलकांवर मी अनेकदा वाचलंय. नाकतोड्यांच्या बाबतीत हे वाक्य चक्क घसरतं.

2003 मध्ये एक कल्पना पुढे आली, डीएनए बारकोडची. तंतुकणिकेतल्या एकाच जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून जात ओळखायची, दुकानात बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड वाचतात तसं. कल्पना उत्तम आहे, पुष्कळ प्राण्यांत चालते. पण नाकतोड्यांच्या केंद्रकात एक भानगड आहे. लाखो वर्षांत तंतुकणिकेच्या डीएनएचे तुकडे निसटून केंद्रकातल्या डीएनएत जाऊन बसलेले असतात. एखाद्या पोथीची सुटी पानं चुकून दुसऱ्याच पोथीच्या बासनात बांधली जावीत आणि पुढच्या नकलनवीसांनी तीही इमानदारीने उतरवत राहावं, तसं. 1983 मध्येच टोळाच्या केंद्रकात असे तुकडे सापडले होते. त्या पानांना आता काही काम नाही. त्यामुळे त्यांच्यात झालेल्या चुका कोणी निवडून बाजूला काढत नाही, त्या साचत जातात. प्रयोगशाळेत बारकोडचा तुकडा वाढवताना कधी खऱ्या पोथीचं पान वाढतं, कधी या सुट्या पानाचं. दोन्हींत फरक दिसला की संगणक म्हणतो, या दोन जाती!

2008 मध्ये सॉन्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकतोडे आणि गोड्या पाण्यातली क्रेफिश यांच्यावर हेच दाखवलं. हे सुटे तुकडे ओळखून बाजूला काढले नाहीत तर बारकोड एका जातीच्या अनेक जाती करून दाखवतो. पूर्ण तंतुकणिका जीनोम वाचण्याचा एक मोठा फायदा इथे आहे. साडेसहाशे अक्षरांच्या तुकड्यात फसवणूक होऊ शकते, पण 37 जनुकांची सगळी पोथी सलग, गोल, जागच्या जागी मिळाली तर ती खरी आहे याची खात्री बरीच वाढते.

आता उलटी फसगत बघा. युरोपात कोर्थिपस प्रजातीच्या बिगुटुलस, ब्रुनियस आणि मोलिस अशा तीन जाती आहेत. अंगाने इतक्या सारख्या की भिंग लावूनही घोटाळा व्हावा. त्यांच्या नरांची गाणी मात्र अगदी वेगळी. मागच्या पायावरची बारीक दातेरी रेघ पंखावर घासून हे नाकतोडे गातात, आणि मादी सहसा आपल्याच जातीच्या गाण्याला उत्तर देते. तिचा सहसा घोटाळा होत नाही. तंतुकणिकेच्या बारकोडचा होतो! या जाती अलीकडेच वेगळ्या झाल्यात आणि मधून मधून त्यांचा संकरही होतो, त्यामुळे आईकडून आलेला हा धागा तिघींत सामाईक राहिलाय. यंत्राला जे कळत नाही ते गवतात बसलेल्या मादीला कळतं.

आणि ही अडचण पूर्ण जीनोम वाचूनही सुटत नाही, हे लक्षात घ्या. पोथी कितीही लांब असली तरी ती एकाच घराण्याची, आईच्या बाजूची. समजा तुमच्या गावाची वंशावळ कोणी फक्त आई, आजी, पणजी एवढ्याच नावांनी लिहिली. ती खोटी नसेल, पण गावाचा सगळा इतिहास त्यात येईल का? म्हणून आता शास्त्रज्ञ तंतुकणिकेच्या जोडीला केंद्रकातली जनुकंही घेतात, शरीररचना बघतात, गाणी ध्वनिमुद्रित करतात.

बरं, एवढं सगळं करून नाकतोड्यांच्या वर्गीकरणाचं झालं काय? काही गोष्टी आणखी पक्क्या झाल्या. ऋजुपंखी गणाचे दोन मोठे भाग, लांब मिशांचे आणि आखूड मिशांचे, डीएनएनेही उचलून धरले. त्यांची फारकत फार जुनी, डायनोसॉरांच्याही आधीची. रातकिडा लांब मिशांचा, त्याचे कान पुढच्या पायात. टोळ-नाकतोडा आखूड मिशांचा, त्याचे कान पोटाच्या बाजूला. मुलांना हे बागेत दाखवता येतं, डीएनए लागत नाही. आणि लगे हाथ एक गैरसमजही काढता येतो. हात जोडून बसणारा हिरवा प्रार्थना कीटक, ज्याला काही ठिकाणी खंडोबाचा किडा म्हणतात, त्यालाही मुलं नाकतोडाच म्हणतात. तो या गणातलाच नाही.

काही गोष्टी मात्र मोडल्या. तिरप्या कपाळाचे, गवताच्या पात्यासारखे लांबट नाकतोडे पूर्वी एका उपकुलात ठेवायचे, कारण दिसतात सारखे. 2018 च्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की ॲक्रिडिनी, ईडिपोडिनी आणि गोम्फोसेरिनी ही तिन्ही उपकुलं आतून एकमेकांत मिसळलेली आहेत. गवतात राहायचं तर गवतासारखं दिसणं फायद्याचं, म्हणून तो आकार वेगवेगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा घडला. पुन्हा तेच "आणी"! त्याच अभ्यासाने आणखी एक धक्का दिला. ॲक्रिडिडी कुलाचा उगम आफ्रिकेत झाला असावा असं बरेच जण धरून चालले होते. निष्कर्ष निघाला दक्षिण अमेरिका, सुमारे 5 कोटी 90 लाख वर्षांपूर्वी. म्हणजे कुलाचं मूळ घर दक्षिण अमेरिका, त्यातल्या एका शाखेचं आफ्रिका, आणि तिथून तिचे काही वंशज परत अमेरिकेला. माहेरी आलेल्या लेकीसारखं! मुलांना नकाशावर पेन्सिलीने ही ये-जा काढायला लावा. भूगोलाच्या सरांनाही बोलवा, ते खुश होतात.

आता मुद्द्यावर येते. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 मध्ये पहिला पाठ आहे आनुवंशिकता व उत्क्रांती. त्यात डीएनए, उत्परिवर्तन, उत्क्रांतीचे पुरावे सगळं आहे. सहावा पाठ प्राण्यांचे वर्गीकरण. त्यात संघ, वैशिष्ट्ये, उदाहरणे. आपल्यापैकी बहुतेक जण, मी स्वतः धरून, पहिला पाठ जूनमध्ये संपवतो आणि सहावा दिवाळीच्या आसपास घेतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे मुलांना कळतच नाही. वर्गीकरण त्यांना तक्ता वाटतो. संधिपाद: जोडलेले पाय, कायटिनचं कवच, उदाहरणं झुरळ, फुलपाखरू, विंचू. पाठ करा आणि चिकटवा. हा तक्ता म्हणजे कोणाच्या तरी वंशावळीचा अंदाज आहे, आणि त्यातल्या काही रेघा खोडरबराने पुसून पुन्हा काढाव्या लागतात, हे सांगायला आपण विसरतो.

म्हणून माझा आग्रह असा की सहावा पाठ घेताना पहिला पुन्हा उघडा. त्यासाठी एकच प्राणी निवडा आणि त्याच्या मागे लागा. माझा नाकतोडा आहे. तो फुकट मिळतो, पावसाळ्यात मैदानाच्या कडेला हवा तेवढा असतो, मुलं त्याला घाबरत नाहीत. रुईच्या झाडावर तर निळ्या-पिवळ्या नक्षीचा देखणा टोळ बसलेला असतो. त्याला मात्र हात लावू देऊ नका, पकडलं की चिळकांडी मारतो. (तोही ॲक्रिडिडी नव्हे, त्याचं कुल वेगळं. मुलांना विचारा, का वेगळं असेल? उत्तर सांगू नका.)

शिक्षक-पालक सभेत मी हे बोलले तेव्हा एका वडिलांनी उठून विचारलं, "मॅडम, हे बोर्डाला विचारतात का?" रास्त प्रश्न आहे. पोराच्या टक्केवारीवर पुढचं ॲडमिशन ठरतं, त्यांनी का विचारू नये? त्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगते. बोर्डाला जे लागतं ते पक्क्या भागातलं आहे. संघ संधिपाद, वर्ग कीटक, हे काही उद्या बदलत नाही. हलतात त्या खालच्या फांद्या, कुल-उपकुल-जाती. तेव्हा परीक्षेच्या उत्तराला धक्का लागणार नाही. उलट ज्या मुलाने प्रती ताडून वंशावळ काढलीय त्याला उत्परिवर्तनाची व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही, हा माझा अनुभव. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा काड्यापेटीत एक रातकिडा घेऊन आला.

एका सहकाऱ्यांचा आक्षेप याहून अवघड होता. ते म्हणाले, "पुस्तकातलं बदलू शकतं असं मुलांना सांगितलं तर ती उद्या म्हणतील, मग गुरुत्वाकर्षणही बदलेल, मग शिकायचंच कशाला?" यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. काही मुलं खरंच तसं म्हणतात, विशेषतः अभ्यास झालेला नसेल तेव्हा. पण मला वाटतं, काय पक्कं आणि काय कच्चं हे मुलांना वेगवेगळं सांगणं आपलं कामच आहे. सगळं सारख्याच आवाजात सांगितलं तर ज्या दिवशी त्यांना एक गोष्ट बदललेली दिसेल, त्या दिवशी ती सगळ्यावरच शंका घेतील. मोबाईलवर रोज काय काय येतं ते आपण बघतोच.

यंदाच्या घटक चाचणीत मी जुना प्रश्न बदलून टाकला: "तुमचा मित्र म्हणतो, टोळ आणि नाकतोडा हे दोन वेगळे कीटक आहेत. त्याचं म्हणणं खरं की खोटं हे तपासण्यासाठी तुम्ही काय काय कराल? गुण 3." बऱ्याच जणांनी डीएनए तपासू असं लिहिलं, कारण बाईंना ते आवडतं हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. नुसतं तेवढंच लिहिणाऱ्यांना मी एक गुण दिला. एकाने डीएनएचं नावही घेतलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, "एका डब्यात एकच पिल्लू ठेवीन, दुसऱ्या डब्यात खूप पिल्लं ठेवीन, दोघांना सारखं गवत देईन आणि मोठी झाल्यावर बघीन." डब्याला भोकं पाडायचं लिहायला तो विसरला होता. तीनपैकी तीन दिले.